मानवी इम्यून प्रोटीन शोधायला मोनोक्लोनल अँटीबॉडी पहिल्यांदा वापरताय? मग आधी क्लोन बघा

लॅबमध्ये नवीन आलेलं कुणीही पहिल्या आठवड्यातच विचारतं, "सीडी३ ची अँटीबॉडी कुठली घेऊ?" (सीडी३ म्हणजे टी पेशींवरचं एक प्रोटीन) आणि मी दरवेळी उलट विचारते, की पेशी जिवंत आहेत का फिक्स केलेल्या (म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडसारख्या रसायनाने आहेत तशा बांधलेल्या), फ्लोवर (म्हणजे एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन तिचा रंग मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) बघणार का स्लाइडवर, आणि त्यासोबत अजून कायकाय बघायचंय. समोरच्याला वाटतं ही उगाच फाटे फोडतेय. पण नुसत्या टार्गेटच्या नावावरून अँटीबॉडी ठरतच नाही, ती ठरते क्लोनवरून, आणि ही एक गोष्ट मला सुरुवातीला कुणी नीट बसवून सांगितली असती तर माझे बरेच आठवडे वाचले असते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, अगदी पहिल्यांदा पिपेट हातात घेणाऱ्यालाही कळेल असं.

क्लोन म्हणजे नेमकं काय

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन या दोघांनी उंदराच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आणि न मरता वाढत राहणाऱ्या मायलोमा पेशी एकमेकींत मिसळून हायब्रिडोमा तयार केला, त्यासाठी १९८४ चं नोबेलही मिळालं. एका हायब्रिडोमा पेशीपासून वाढवलेली सगळी पिल्लावळ एकच अँटीबॉडी बनवते, म्हणून मोनोक्लोनल. ती अँटीबॉडी प्रोटीनच्या एका छोट्याशा ठरावीक तुकड्यालाच चिकटते, त्या तुकड्याला एपिटोप म्हणतात. सगळा खेळ या एपिटोपचा आहे, तो तुमच्या सॅम्पलमध्ये उघडा असेल तर सिग्नल येणार, झाकला गेला किंवा त्याचा आकार बिघडला तर प्रोटीन भरभरून असूनसुद्धा तुम्हाला काहीच दिसणार नाही.

सीडी नंबर कसे पडले हेही इथेच सांगते कारण त्यातून मुद्दा पक्का होतो. हायब्रिडोमा आल्यावर जगभरच्या लॅबनी मानवी पांढऱ्या पेशींवर ढिगाने अँटीबॉडी बनवल्या आणि प्रत्येकाने आपापलं नाव दिलं, एकाच रेणूला चार-चार नावं झाली. मग १९८२ मध्ये पॅरिसला वर्कशॉप झालं, सगळ्यांच्या अँटीबॉडी शेजारी शेजारी तपासल्या आणि ज्या एकसारख्या पेशींवर एकसारख्या बसतात त्यांचे गट पाडले. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन', म्हणजे मुळात हा अँटीबॉडींच्या गटाला दिलेला नंबर होता, प्रोटीनचं नाव म्हणून तो नंतर रुळला. त्यामुळे सीडी३ म्हटलं की ओकेटी३, यूसीएचटी१, एसके७, एचआयटी३ए अशी अख्खी मंडळी त्या एका नंबराखाली येतात आणि प्रत्येकाचा स्वभाव थोडा वेगळा असतो.

पायरी १: विकत घ्यायच्या आधी दोन ओळी लिहून काढा

पहिली ओळ, प्रोटीन कुठे आहे: पेशीच्या बाहेरच्या बाजूला, पेशीच्या आत, न्यूक्लियसमध्ये, का बाहेर सोडलेलं म्हणजे सीरम नाहीतर कल्चर सुपरनॅटंटमध्ये. दुसरी ओळ, बघताना त्या प्रोटीनची अवस्था काय असणार: मूळ आकारात, फॉर्मॅल्डिहाइडने बांधलेलं, का वेस्टर्न ब्लॉटसारखं उकळून सरळ केलेलं.

या दोन ओळी न लिहिल्याने काय होतं ते माझ्याच अनुभवातून सांगते. बी पेशी बघायला मी फ्रिजमधली सीडी२० ची व्हायल उचलली, क्लोन होता एल२६, त्यावर कुणीतरी छान चालते असं लिहून ठेवलेलं. जिवंत पीबीएमसीवर (रक्तातून वेगळ्या काढलेल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशींवर) टाकली, फ्लोवर चालवलं, बी पेशी शून्य. पुन्हा केलं, डोस वाढवला, नवीन रक्त घेतलं, तरी तेच. दोन आठवडे मी सॅम्पलला दोष देत बसले होते. मग एका सीनियर ताईंनी व्हायल हातात घेऊन क्लोनचं नाव वाचलं आणि लगेच सांगितलं की एल२६ सीडी२० च्या पेशीच्या आतल्या भागाला चिकटते, जिवंत पेशीत ती आत जाणारच कशी. पॅराफिनमधल्या टिश्यूच्या स्लाइडवर हीच एल२६ अप्रतिम काम करते, तिथे पेशी कापलेली आणि उघडी असते. जिवंत पेशींच्या पृष्ठभागावर बघायचं तर २एच७ सारखा बाहेरून चिकटणारा क्लोन लागतो. व्हायलवर लिहिलेलं "छान चालते" खरंच होतं, फक्त स्लाइडसाठी.

पांढऱ्या पेशींवरचं सीडी४५ पण असंच शिकण्यासारखं आहे. एचआय३० क्लोन सीडी४५ चे सगळे प्रकार ओळखतो, एचआय१०० फक्त सीडी४५आरए आणि यूसीएचएल१ फक्त सीडी४५आरओ. जीन एकच, कापून जोडण्याची पद्धत वेगळी म्हणून प्रोटीनचे प्रकार वेगळे, आणि नाइव्ह (अजून शत्रू न भेटलेल्या) आणि मेमरी (आधी भेटलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या) टी पेशी वेगळ्या करायला आपण हाच फरक वापरतो. कॅटलॉगमध्ये घाईघाईने नुसतं सीडी४५ बघून ऑर्डर टाकली की हा सगळा फरक हातचा जातो.

पायरी २: लेबल शब्द न शब्द वाचा

"माउस अँटी-ह्यूमन सीडी४" याचा अर्थ अँटीबॉडी उंदरात बनलेली आणि ती माणसाच्या सीडी४ ला चिकटते, नवीन मुलं हे उलटं वाचतात आणि उंदराच्या प्लीहेच्या पेशींवर टाकतात. माणसासाठीचे बहुतेक क्लोन उंदराच्या पेशींवर चालत नाहीत, उंदराचे वेगळे असतात.

मग आयसोटाइप, म्हणजे अँटीबॉडीचा प्रकार, बघा, आयजीजी१, आयजीजी२ए वगैरे. मोनोसाइटवर सीडी६४ नावाचा रिसेप्टर असतो जो अँटीबॉडीची शेपटी पकडतो, आणि उंदराची आयजीजी२ए त्याला चांगलीच चिकटते, आयजीजी१ त्यामानाने कमी. यूसीएचटी१ आयजीजी१ आहे आणि ओकेटी३ आयजीजी२ए, म्हणजे टार्गेट तेच असलं तरी मोनोसाइटवरचा कचरा सिग्नल सारखा येणार नाही.

तिसरं, बाटलीत अँटीबॉडीसोबत काय काय आहे. बहुतेकींत टिकण्यासाठी थोडं सोडियम अझाइड असतं. स्टेनिंगला ते चालतं, पण पेशी पुढे वाढवायच्या असतील, किंवा अँटीबॉडीने टी पेशी चेतवायच्या असतील तर अझाइड पेशी मारतं, त्यासाठी अझाइड नसलेली आणि एंडोटॉक्सिन कमी असलेली व्हायल वेगळी मागवायची. एलायझा, म्हणजे प्लेटवर प्रोटीन मोजायच्या टेस्टमध्ये, रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाही अझाइड बंद पाडतं, तिच्या बफरमध्ये ते जाऊ देऊ नका. आणि स्वतः रंग जोडणार असाल तर बीएसए, ट्रिस, अझाइड यांपैकी काहीच नको, ही मंडळी रंग जोडण्याच्या आड येतात.

पायरी ३: रंग

रंग म्हणजे अँटीबॉडीला जोडलेला चमकणारा डाय, ज्यामुळे ती मशीनला दिसते. यावर जास्त लिहीत नाही, एकच नियम पाळलात तरी निम्मं काम होतं: जे प्रोटीन कमी आहे त्याला चमकदार रंग, जे ढिगाने आहे त्याला फिका. सीडी४५ प्रत्येक पांढऱ्या पेशीवर भरपूर असतं, त्याला फिका रंग पुरतो. सीडी२५ सारख्या हळूहळू चढत जाणाऱ्या मार्करला पीई हा चमकदार रंग द्या. टँडम रंग, म्हणजे दोन रंग जोडून बनवलेले पीई-सीवाय७ किंवा एपीसी-सीवाय७ सारखे, प्रकाशाने आणि फिक्स करण्याने तुटतात आणि तुटले की पीई किंवा एपीसीच्या खिडकीत खोटा सिग्नल येतो, त्यामुळे त्यांना अंधारात ठेवा आणि काम उगाच लांबवू नका.

पायरी ४: टायट्रेशन, हे टाळू नका

डेटाशीटवर "प्रति टेस्ट ५ मायक्रोलिटर" लिहिलेलं असतं आणि सगळे डोळे झाकून तेवढं टाकतात. तो आकडा त्यांच्या पेशी, त्यांचं मशीन, त्यांचा व्हॉल्यूम यावर काढलेला असतो. एक दुपार द्या आणि आपला आकडा आपणच काढा, यालाच टायट्रेशन म्हणतात.

समजा सीडी४ ची आरपीए-टी४ क्लोनची, पीई रंग लावलेली अँटीबॉडी आलीय आणि स्टॉक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. आठ ट्यूब घ्या, प्रत्येकीत तुम्ही नेहमी वापरता तेवढ्याच पीबीएमसी, समजा ५ लाख. पहिल्या ट्यूबमध्ये १ मायक्रोग्रॅम म्हणजे १० मायक्रोलिटर, पुढच्या प्रत्येकीत निम्मं निम्मं, म्हणजे ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६, ०.०३, ०.०१५, आणि आठवी कोरी. खालचे डोस आधी पातळ करून टाका, अर्धा मायक्रोलिटर पिपेटने नीट जात नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ट्यूबचा शेवटचा व्हॉल्यूम १०० मायक्रोलिटर झाला पाहिजे, कारण चिकटणं प्रामुख्याने कॉन्सन्ट्रेशनवर चालतं, व्हॉल्यूम हलला की सगळे आकडे हलले.

मशीनवर चालवा आणि प्लॉट एकाशेजारी एक मांडून बघा. जास्त डोसला पॉझिटिव्ह ढीग उजवीकडे पोचलेला दिसेल पण निगेटिव्ह ढीगही उजवीकडे सरकलेला आणि फुगलेला असेल, ते चुकीच्या जागी चिकटणं. डोस कमी करत गेलात की आधी निगेटिव्ह मागे येतो आणि पॉझिटिव्ह जागेवरच राहतो, इथे मजा आहे. अजून कमी केलं की पॉझिटिव्हही घसरायला लागतो. दोघांमधलं अंतर सगळ्यात छान कुठे आहे ते आकड्यात काढायला स्टेन इंडेक्स वापरतात: पॉझिटिव्हची मीडियन वजा निगेटिव्हची मीडियन, भागिले निगेटिव्हच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची दुप्पट. जिथे हा आकडा सगळ्यात वर जातो तो तुमचा डोस. बऱ्याचदा तो डेटाशीटपेक्षा कमी निघतो, म्हणजे व्हायलही जास्त दिवस पुरते आणि निकालही स्वच्छ येतो.

फिक्स करून आत स्टेन करणार असाल तर टायट्रेशनही फिक्स केलेल्या पेशींवरच करा, जिवंत पेशींवरचा आकडा तिथे लागू होत नाही.

पायरी ५: पृष्ठभागाचं स्टेनिंग

मानवी रक्त आहे, त्यामुळे प्रत्येक सॅम्पल संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करायचं, ग्लोव्ह आणि सेफ्टी कॅबिनेट, आणि रक्त देणाऱ्याची लेखी संमती व एथिक्सची परवानगी आधीच झालेली हवी.

आधी पेशी साध्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) धुवा आणि फिक्स होणारा व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखून देणारा रंग) टाका. साध्या म्हणजे प्रोटीन नसलेल्या, कारण हा डाय प्रोटीनच्या अमाइन गटांना चिकटतो, बफरमध्ये सीरम असेल तर डाय तिथेच संपतो. मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी स्पंजसारखी शोषून घेतात, त्या बाजूला काढल्याशिवाय कमी संख्येच्या पेशींबद्दल काहीही बोलू नका.

मग स्टेनिंग बफर, म्हणजे पीबीएस, १ ते २ टक्के सीरम आणि २ मिलीमोलर ईडीटीए. यात धुऊन एफसी ब्लॉक (अँटीबॉडीची शेपटी पकडणारे रिसेप्टर आधीच अडवणारं द्रव्य) टाका आणि १० मिनिटं थांबा. इथे एक चूक फार होते: फ्रिजमध्ये २.४जी२ नावाचा एफसी ब्लॉक असतो आणि तो उचलून मानवी पेशींवर टाकला जातो. तो उंदराच्या पेशींसाठी आहे! मानवी पेशींना मानवी आयजीजी किंवा मानवी एफसी रिसेप्टरसाठी बनवलेला ब्लॉकच लागतो.

ब्लॉक न धुता त्यावरच अँटीबॉडींचं मिश्रण टाका, ४ डिग्रीला अंधारात २० ते ३० मिनिटं ठेवा. थंड ठेवतो कारण पेशी जिवंत आहेत, उबेत त्या अँटीबॉडी चिकटलेला रिसेप्टर आत ओढून घेतात. मग २ मिलिलिटर बफर, ३०० ते ४०० जी ला ५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा, पुन्हा एकदा धुवा. ट्यूब उपडी करताना तळाचा पेशींचा ठिपका दिसतोय ना याकडे लक्ष असू द्या, पहिल्या महिन्यात अर्ध्या पेशी सिंकमध्येच जातात.

पायरी ६: पेशीच्या आतलं, म्हणजे सायटोकाइन आणि फॉक्सपी३

सायटोकाइन, म्हणजे पेशींचे एकमेकींना निरोप देणारे प्रोटीन, पेशी बनवते आणि लगेच बाहेर फेकते, म्हणून आधी चेतवायचं आणि मग दार बंद करायचं. चेतवायला पीएमए साधारण ५० नॅनोग्रॅम आणि आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सोबत दार बंद करायला ब्रेफेल्डिन ए, ४ ते ६ तास. मग पृष्ठभागाचं स्टेनिंग, फिक्स, सॅपोनिनने भोकं पाडायची, आणि आत इंटरफेरॉन गॅमासाठी ४एस.बी३, टीएनएफसाठी एमएबी११ असे क्लोन. सॅपोनिनची भोकं तात्पुरती असतात, सॅपोनिन काढलं की बुजतात, त्यामुळे आतल्या अँटीबॉडीच्या वेळी आणि त्यानंतरच्या धुण्यातही सॅपोनिनचाच बफर हवा, साधा नाही.

पीएमए दिल्यावर नवीन माणूस हमखास घाबरतो ते सीडी४ गायब झालेलं बघून. पेशी मेल्या नाहीत, अँटीबॉडीही खराब नाही, पीएमए मुळे मानवी टी पेशी सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. उपाय दोन आहेत: सीडी४ ची अँटीबॉडी भोकं पाडल्यानंतर आत टाका, किंवा सीडी३ पॉझिटिव्ह आणि सीडी८ निगेटिव्ह घेऊन काम भागवा, पण मग त्यात गॅमा-डेल्टा वगैरे थोड्या इतर टी पेशीही येतात हे लिहून ठेवा. एनके (नॅचरल किलर) पेशी चेतवल्या की सीडी१६ असंच कमी होतं, तिथे मात्र एन्झाइम ते कापून बाहेर सोडतं, त्यामुळे आत स्टेन करूनही परत मिळत नाही.

फॉक्सपी३, म्हणजे इम्यून प्रतिसाद आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींची खूण, न्यूक्लियसमध्ये असतं, त्याला सॅपोनिन सहसा पुरत नाही, न्यूक्लियससाठीचा वेगळा बफर सेट घ्या. आणि मानवी टी पेशी चेतवल्या की साध्या पेशींमध्येही काही काळ थोडं फॉक्सपी३ दिसतं, म्हणून रेग्युलेटरी पेशी म्हणायच्या आधी सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी आहे ना हेही बघा.

पायरी ७: एलायझा, इथे एकटी अँटीबॉडी चालत नाही

सँडविच एलायझात एक अँटीबॉडी प्लेटवर बसून प्रोटीन पकडते आणि दुसरी वरून येऊन ते दाखवते. दोघींचे एपिटोप वेगळे हवेत, नाहीतर पहिली बसली की दुसरीला जागाच नाही. म्हणून जोडी म्हणून तपासलेलेच क्लोन घ्या, इंटरफेरॉन गॅमाच्या एलिस्पॉटमध्ये (एकेका पेशीने सोडलेलं प्रोटीन ठिपक्यांनी दाखवणारी, एलायझासारखीच टेस्ट) १-डी१के पकडायला आणि ७-बी६-१ दाखवायला ही जोडी फार वापरतात. पकडणारी १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर ४ डिग्रीला, सकाळी ब्लॉक, मग सॅम्पल, मग बायोटिन लावलेली दुसरी, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, टीएमबी, आम्लाने थांबवून ४५० नॅनोमीटरला वाचन.

सीरम नेहमी दोन-तीन वेगवेगळ्या डायल्यूशनला लावा. धुणं मध्ये न करता सॅम्पल आणि दुसरी अँटीबॉडी एकत्र टाकली आणि प्रोटीन अतिशय जास्त असलं तर दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच बनत नाही आणि आकडा कमी येतो. शिवाय काही माणसांच्या रक्तात उंदराच्या अँटीबॉडीलाच चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात, त्या प्रोटीन नसतानाही दोघींना जोडून खोटा सिग्नल देतात, संधिवातातला ऱ्हुमेटॉइड फॅक्टरही असाच त्रास देतो. डायल्यूट केल्यावर आकडा प्रमाणात कमी होत नसेल तर इथे शंका घ्या, आणि सॅम्पलमध्ये उंदराची साधी आयजीजी मिसळून पुन्हा लावा.

पायरी ८: कंट्रोल आणि वाचन

गेट, म्हणजे प्लॉटवर पॉझिटिव्ह पेशी वेगळ्या करणारी रेघ, कुठे ओढायचा यासाठी एफएमओ, म्हणजे सगळे रंग घालायचे फक्त एक सोडून. आयसोटाइप कंट्रोलवरून गेट ठरवू नका, त्याचं कॉन्सन्ट्रेशन आणि रंगाचं प्रमाण तुमच्या अँटीबॉडीशी जुळेलच असं नाही. मला सगळ्यात भरवशाचा कंट्रोल वाटतो तो पेशींमधलाच: सीडी३ च्या अँटीबॉडीने बी पेशी कोऱ्या राहिल्या का, सीडी१९ ने टी पेशी कोऱ्या राहिल्या का. आणि फिकट ढिगांवर उडी मारू नका, मोनोसाइटवर थोडं सीडी४ असतंच आणि काही एनके पेशींवर थोडं सीडी८ असतं, सीडी३ न लावता नुसतं सीडी४ बघून टी पेशींची टक्केवारी देणं चूक आहे.

सॅम्पल पेशंटचं असेल तर औषधं विचारून घ्या, काही औषधं स्वतःच मोनोक्लोनल अँटीबॉडी असतात. रिटुक्सिमॅब घेतलेल्याचं सीडी२० औषधानेच झाकलेलं असू शकतं, तिथे बी पेशी सीडी१९ ने मोजा. डॅराटुमुमॅब सीडी३८ झाकतं, निव्होलुमॅब पीडी-१. पेशी असतात, तुमच्या क्लोनची जागा आधीच कुणीतरी घेतलेली असते.

पायरी ९: साठवण आणि वही

रंग लावलेल्या अँटीबॉडी २ ते ८ डिग्रीला, अंधारात. फ्रीझरमध्ये कधीच नाही, पीई आणि एपीसी गोठले की खराब होतात. वापरण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्या म्हणजे जमलेले गोळे तळाला बसतात, पिपेटमध्ये येत नाहीत.

वहीत टार्गेट, क्लोन, आयसोटाइप, रंग, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर आणि टायट्रेशनचा डोस एवढं लिहायचंच. पेपर लिहिताना क्लोन आणि कॅटलॉग नंबर दिला नाही तर तुमचं काम दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येत नाही, आणि जुने पेपर वाचताना याचा किती मनस्ताप होतो ते लवकरच कळेल. नवीन लॉट आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच दिवशी, एकाच गोठवलेल्या पीबीएमसीवर शेजारी शेजारी चालवा. त्यासाठी एका निरोगी दात्याच्या पीबीएमसीच्या पंधरा-वीस व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये बाजूला ठेवून द्या आणि त्यावर ठळक लिहा, की लॉट तपासणीशिवाय हात लावू नये.